टाकीच्या तोंडाशी विशाखा

“डब्यात काय आणलं?” विशाखानं खालून विचारलं.

“जेवण.”

“ते तर मलेही माहीत आहे. भाजी कोणती?”

“तुझं डोकं! तिखट-मीठ लावून परतलं.”

“म्हणजे ठीक आहेस,” ती म्हणाली.

कोणाला वाटेल, दोन मैत्रिणी थट्टा करून राहिल्या. कसली थट्टा अन् कसलं काय! आमच्या दोघींत तेव्हा चांगला महिनाभराचा अबोला होता. ती समोरून आली की मी रस्ता बदलायची, आणि मी चहाला गेले की ती पाणी प्यायला जायची. पण मी टाकीत असले की तिला माझ्याशी बोलावंच लागायचं आणि मला उत्तर द्यावंच लागायचं. नियमच तसा होता. जिचं तोंड पाहायचं नाही तिच्याशी तासन्‌तास गप्पा मारायच्या, अशी शिक्षा आमच्या हँगरखेरीज जगात कुठं असेल असं मला वाटत नाही.

मी विमानं दुरुस्त करायच्या कामात होते, नागपूरला. विमानाचं इंधन पंखात भरतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. माझ्या सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “पंखात पेट्रोल? काहीतरीच बाप्पा तुझं!” पण असतं खरं. पंख म्हणजे आतून पोकळ टाकीच. कुठं गळती लागली की ती पूर्ण रिकामी करायची, वाळवायची, मोठ्या पंख्यानं जाड पाइपातून ताजी हवा आत सोडायची, मीटर लावून हवा तपासायची आणि मग एका माणसानं पंखाच्या पोटाला असलेल्या भोकातून वर सरकायचं. भोक केवढं, तर घरातल्या मधल्या परातीएवढं. आतमध्ये ना बसता येत, ना उभं राहता येत. आडव्या पत्र्यांच्या भिंती, त्यांना खिडक्या, त्या खिडक्यांतून पोटावर सरपटत जायचं. आमच्या पाळीत बायका दोनच, मी आणि विशाखा गजभिये, आणि दोघीही चणीनं बारीक. त्यामुळे टाकीचं काम निघालं की आमचीच नावं. एकदा मी आत आणि ती बाहेर, एकदा ती आत आणि मी बाहेर.

बाहेरच्या माणसाचं काम सोपं वाटतं, पण ते सोपं नाही. त्यानं टाकीच्या तोंडापासून हलायचं नाही. थोड्या थोड्या वेळानं मीटर पाहायचं आणि आतल्याला बोलतं ठेवायचं. आमचे फोरमन ढोके साहेब, निवृत्तीला आलेले, बोलायचे कमी. पण यावर मात्र बोलायचे. “‘ठीक आहेस का’ म्हणून विचारायचं नाही. ‘हो’ तर चक्कर येणाराही म्हणते. असं विचारा की डोकं चालवून सांगावं लागेल.” आणि दुसरी गोष्ट ते प्रत्येक वेळी सांगायचे, अगदी प्रत्येक वेळी. “आत काही झालं तर शिट्टी वाजवायची. आत जायचं नाही. बाप असो का भाऊ, बाहेरच्यानं आत जायचं नाही.” आम्ही माना डोलवायचो.

आता अबोला कशावरून, तेही सांगते. माझं नवं लग्न झालेलं. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. टाकीत जाताना अंगावर बांगडी नको, मंगळसूत्र नको, अंगठी नको, सुती कपडे सोडून काही नको. मला हे पाठ होतं. मी काढणारच होते. पण लग्नानंतरच्या पहिल्याच दिवशी सगळ्या पाळीसमोर ही बया म्हणाली, “प्रणिता, लग्न घरी ठेवून येत जा. इथं टाकीत काचा वेचाले कोणी बसलं नाही.” पोरं फिदीफिदी हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरळ बोलली असती तर मी ऐकलं नसतं का? रोज सकाळी चुडा काढून लॉकरमध्ये ठेवायचा, संध्याकाळी भरायचा. त्यात दोन बांगड्या पिचून वाढल्या. सासूबाईंनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या रात्री जेवल्या नाहीत. तो सगळा राग मी विशाखाच्या नावावर जमा केला.

ढोके साहेबांकडे जाऊन मी सांगितलंही होतं, “साहेब, माझ्यासोबत दुसरं कोणीही द्या. हरीश द्या. हिचं माझं पटत नाही.”

“पटत नाही?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“अजिबात नाही.”

“बरं आहे,” ते म्हणाले आणि पुढच्या टाकीलाही तिलाच उभं केलं. हरीश माझा लग्नातला मानलेला भाऊ, कानपिळीचा मान त्यालाच दिला होता; तो समोर रिकामा फिरत होता तरी! म्हातारा खडूस आहे, असं मी मनात म्हटलं.

तर तो दिवस. दुपारची वेळ. पंखाच्या पार टोकाकडच्या कप्प्यात शिवणीवरचं जुनं सीलंट, म्हणजे गळती बुजवायचा लेप, खरवडून तिथं द्रावणानं पुसून काढायचं होतं. मी तोंडाला मास्क लावून आत गेले. विशाखाचे प्रश्न सुरू होते. भाजीचं झालं. मग तिनं विचारलं, “आज बसनं आली का गाडीवर?”

“हेलिकॉप्टरनं.”

“नवऱ्यानं सोडलं?”

“तुले काय करायचं आहे? तू आपलं मीटर पाहा.”

“मीटर पाहूनच राहिली. तुझं तोंड चालू आहे का ते पाहून राहिली.”

पुढं काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. बाकीचं नंतर लोकांनी सांगितलं. ताजी हवा आणणारा पाइप पंखाच्या दुसऱ्या तोंडाशी जोडावरून सुटला होता. पंखा गरगर फिरत होता, आवाज नेहमीसारखाच येत होता, पण हवा हँगरमध्येच सांडत होती. त्यात माझ्या कोपराचा धक्का लागून द्रावणाचा डबा कलंडला. मास्क वाफ गाळतो, पण किती गाळणार आणि किती वेळ? विशाखाच्या हातातलं मीटर तोंडाशी सगळं ठीक दाखवत होतं. तोंडाशी ठीकच होतं. बिघडलं होतं ते मी होते तिथं, पार आत.

मला मात्र काहीच बिघडलेलं वाटलं नाही. उलट फार बरं वाटलं. खरं सांगते, माहेरी दुपारी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडावं तसं. हात जड झाले तर झाले. शिवण पुसायची राहिली तर राहिली. सगळं जग मला चांगलं वाटायला लागलं. सासूबाई चांगल्या, ढोके साहेब चांगले, विशाखाही चांगली.

“प्रणिता,” तिनं विचारलं, “तुझी सासू म्हणत होती म्हणे, तुले भरीत जमत नाही. खरं का वं?”

एरवी या प्रश्नावर मी टाकीचा पत्रा फाडला असता. मी म्हटलं, “हो ताई. नाही जमत. तू शिकवशील?”

ताई! महिनाभर मी तिला ‘ए’ म्हणूनसुद्धा हाक मारली नव्हती. ती पुढं एकदा म्हणाली, “तू ‘ताई’ म्हटलं आणि मले समजलं, तुझं डोकं ठिकाणावर नाही.”

तिनं शिट्टी फुंकली.

हँगर थांबला. हरीश धावत आला, मागून ढोके साहेब. पाठीवर हवेची नळकांडी घेऊन आत जाणारे दोघं जण तयारीला लागले, पण ती तयारी काही चुटकीसरशी होत नाही. पट्टे बांधायचे, मुखवटे तपासायचे. तेवढ्या वेळात आत माझं काय होणार, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. विशाखा टाकीच्या तोंडाशीच होती. तिच्याएवढं बारीक दुसरं कोणी नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी भोकाची कड धरली होती, टाचा उचलल्या होत्या. सगळ्यांना वाटलं, ही आता गेलीच वर.

ढोके साहेब ओरडले, “विशाखा! नाही!”

ती गेली नाही. कड धरून तशीच उभी राहिली.

“अरे ती मरून राहिली तिथं!” हरीश ओरडला आणि स्वतःच पुढं झाला. साहेबांनी त्याची कॉलर धरून त्याला मागं ओढला. विशाखानं वळूनही पाहिलं नाही. ती म्हणाली, “पाइप! दुसऱ्या पंख्याचा पाइप आणा इकडं!” कोणीतरी आणला. तिनं तो भोकातून जेवढा रेटता येईल तेवढा आत रेटला आणि त्याच्या बाजूला तोंड घालून आत ओरडायला लागली.

“प्रणिता! इकडं ये! माझ्याकडं ये!”

“हो ताई,” मी म्हटलं म्हणे. हलले नाही.

“प्रणिता, सरक! पोटावर ये!”

“येते नं. थोडं पडते.”

मग ती जे ओरडली ते मात्र मला स्वच्छ आठवतं. आजही आठवतं.

“ए चुडेवाली! तुझ्या बांगड्या मी फोडल्या! ऐकून राहिली का? लॉकरमधून काढल्या आणि टाकल्या कचऱ्यात! एक-एक करून फोडल्या!”

काय सांगू तुम्हाला! त्या गोड धुक्यातून पहिली जर कोणती गोष्ट माझ्यापर्यंत आली असेल तर ती बांगड्यांची. डोकं चालत नव्हतं, पण राग चालत होता. माझा चुडा? हिनं? मी कोपरावर उठले.

“काय म्हटलंस?”

“फोडल्या म्हटलं! काय करशील? ये नं, दाखव काय करते ते! हिंमत आहे का तुझ्यात? तुझ्या सासूले सांगते, सून भित्री आहे म्हणून!”

“थांब,” मी म्हटलं. “थांब तू. येतेच मी.”

“ये! डावा हात पुढं टाक! टाकला का? काय टाकणार तू, तुले तर भरीतही जमत नाही!”

“झिंज्या उपटते तुझ्या!”

“आधी इथपर्यंत ये तर खरं!”

एक खिडकी मी ओलांडली. दुसऱ्या खिडकीत अडकले. तिथं मला पुन्हा झोप आली. तिनं माझ्या माहेरचा उद्धार केला. मग मी तीही ओलांडली. पाइपातून येणारी हवा तोंडावर आली, आणि समोर परातीएवढा उजेड आणि त्या उजेडात तिचं तोंड. मी हात लांब केला आणि तिची वेणी धरली. सगळ्या ताकदीनं ओढली. तिनं माझं मनगट धरलं, मग खांदा धरला, हरीश धावला, आणि मला त्या भोकातून खाली ओढून काढलं. हरीश सांगतो, जमिनीवर निजवून ऑक्सिजन लावला तरी मी वेणी सोडली नव्हती, एकेक बोट सोडवावं लागलं. विशाखा नुसती म्हणत होती, “ओढ माय, ओढ. किती ओढायची तेवढी ओढ.”

दवाखान्यात जाग आली तेव्हा डोकं ठणकत होतं आणि पायथ्याशी सासूबाई बसल्या होत्या. त्यांचे डोळे रडून सुजले होते. हरीशनं त्यांना सगळं सांगितलं होतं, पण त्याच्या बाजूनं. तेवढ्यात विशाखा आली. दारातच उभी राहिली. दोन्ही हातांना बोटांपर्यंत पांढऱ्या पट्ट्या होत्या.

सासूबाईंनी विचारलं, “तूच होती नं बाहेर?”

“हो काकू.”

“जवळच होती?”

“हो.”

“मग आत काहून नाही गेली वं, बाई? माझं लेकरू आत पडलं आणि तू नुसती उभी राहिली?”

विशाखानं पट्ट्यांचे हात मागं घेतले. मग म्हणाली, “नियम नाही, काकू,” आणि वळून निघून गेली. खोटं कशाला बोलू, ते ऐकून माझ्याही मनात क्षणभर काहीतरी खुपलं. नियम नाही! इतकंच?

संध्याकाळी ढोके साहेब आले. संत्री आणली होती. स्टुलावर बसून एक सोलत राहिले, सोलून झालं तरी कोणाला दिलं नाही. सासूबाईंनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला.

“बाई,” ते म्हणाले, “माझा एक धाकटा भाऊ होता. रमाकांत. माझ्याच मागं मागं या कामात आला. दुसऱ्या गावी होतो आम्ही तेव्हा. त्याचा जिवलग दोस्त टाकीत होता आणि हा बाहेर उभा. दोस्त आत पडला. रमाकांतनं शिट्टी नाही वाजवली, काही नाही, सरळ आत गेला. कोणाले पत्ताच नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा दोघंही संपले होते. त्यानं शिट्टी वाजवली असती तर दोघंही वाचले असते. एक तरी वाचलाच असता.”

त्यांनी हातातलं संत्रं खाटेच्या कडेला ठेवलं.

“तेव्हापासून टाकीच्या तोंडाशी मी दोस्त उभा करत नाही. भाऊ नाही, नातेवाईक नाही. ज्यांचं एकमेकांशी वाकडं आहे असे पाहून लावतो. तुमची सून माझ्याकडं तक्रार घेऊन आली होती, हिच्याशी पटत नाही म्हणून. मले तर बरं वाटलं.” मग माझ्याकडं पाहून म्हणाले, “पण पोरी, वाकडं असून सोपं नाही गेलं तिले. त्या भोकाची कड कशी असते, तुले माहीत आहे. ती दोन्ही तळहात खालून त्या कडेला रेटून स्वतःले खाली दाबून राहिली होती. तळहात उसवले तिचे. टाके पडले. वर जाणाऱ्याचे हात असे फाटत नाहीत.”

सासूबाई रडायला लागल्या. आणि मीही. मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. एवढंच कळलं की मी जिवंत आहे आणि ते कोणाचं देणं आहे.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सकाळीच पुरण घातलं आणि डबा घेऊन रिक्षानं विशाखाच्या घरी गेल्या. मी नव्हते तिथं, पण विशाखानंच मला सांगितलं. दार उघडल्या उघडल्या त्या म्हणाल्या, “मी तोंडाची फाटकी आहे, बाई. मनावर घेऊ नको.” विशाखा म्हणाली, “अहो काकू, बसा तर.” त्यांनी ताट मागवलं, पोळीवर तूप सोडलं आणि मग त्यांचं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. “या पट्ट्यांनी कशी खाशील? चल, आ कर.” आणि एवढ्या मोठ्या पोरीला त्यांनी घास घास करून अख्खी पोळी भरवली. विशाखाची आई ती लहान असतानाच वारली होती. ती मला म्हणाली, “पोळी गोड होती का काय होती, मले नाही ठाऊक.”

कामावर परतले तेव्हा लॉकरमध्ये माझा चुडा जसाच्या तसा होता. त्यानंतर आमचं असं जमलं की हँगरमधले लोक कंटाळले. आता दोघी एकाच डब्यात जेवायचो. भांडणं तशीच, शिव्या तशाच, फक्त चव बदललेली. सणावाराला ती आमच्याकडं असायची, आणि भरीत तिनं मला खरंच शिकवलं. माझ्या नवऱ्याला ती सरळ दटावायची आणि तो ऐकायचाही, माझं ऐकत नसे तरी.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पुन्हा टाकीचं काम आलं. भीती वाटत होती, नाही कशाला म्हणू! मी ढोके साहेबांना म्हटलं, “साहेब, जाते मी आत. पण बाहेर विशाखाच पाहिजे. दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही.”

साहेब काही बोलायच्या आत मागून विशाखा म्हणाली, “साहेब, मले नका उभं करू.”

मी वळून पाहिलं. मला वाटलं थट्टा करून राहिली.

“काहून वं?”

“हरीशले नको, तो तुझा भाऊ. त्या नव्या आलेल्या पोराले, मुकादमाले, करा उभं. तुझं अन् त्याचं काल वाजलं आहे.”

“अवं पण तू काहून नाही? त्या दिवशी तूच तर—”

“त्या दिवशी थांबता आलं, प्रणिता,” ती म्हणाली. ती माझ्याकडं पाहत नव्हती. “तेव्हा तू माझी कोणी नव्हतीस. आता नाही थांबता येणार मले. आता मी आत येईन.”

ढोके साहेबांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि मान हलवली. “तिचं बरोबर आहे,” ते म्हणाले.

मी मास्क लावला आणि त्या मुकादमाच्या तोंडाकडं पाहत आत सरकले. पुढं कितीतरी वर्षं आम्ही दोघी त्याच हँगरमध्ये होतो. मी टाकीत असले की विशाखा तिथं थांबत नसे. पार फाटकापाशी जाऊन, आमच्याकडं पाठ करून उभी राहायची, आणि मी बाहेर आले की कोणीतरी जाऊन तिला सांगायचं.